काढा जुना, एक्स्ट्रॅक्ट नवा

आमच्या ओट्यावर विजयसारच्या लाकडाचा एक पेला आहे. विजयसार म्हणजे आपला बिवळा. रात्री पेल्यात पाणी भरून ठेवायचे. सकाळपर्यंत ते तपकिरी होते, उजेडात धरले तर कडेला निळसर झाक दिसते, आणि ते मधुमेहावर म्हणून अनशापोटी प्यायचे. रविवार पेठेतल्या काष्ठौषधीच्या दुकानातून मेहुण्याने तो आणून दिला होता. तीन महिने मी इमानेइतबारे ते पाणी प्यालो. एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा, ७.४ वरून ६.८ वर आले. घरात पेल्याचा जयजयकार झाला.

त्याच तीन महिन्यांत डॉक्टरांनी मेटफॉर्मिन या मधुमेहावरच्या औषधाच्या एका गोळीच्या दोन केल्या होत्या. मी आठवड्यातून चार दिवस पर्वतीच्या १०३ पायऱ्या चढू लागलो होतो. संध्याकाळच्या चहाबरोबरची खारी सुटली होती. (बाकरवडी सुटली नव्हती, हेही कबूल करून टाकतो.) मग साखर उतरवली कोणी? मला खरोखर सांगता येत नाही. श्रेय मात्र पेल्याला मिळाले, कारण पेला दिसतो. न खाल्लेली खारी कोणाला दिसत नाही.

हाच घोळ देशपातळीवरही होऊन गेला आहे. आयसीएमआरने, म्हणजे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने, अनेक केंद्रांत विजयसारची चाचणी घेतली आणि १९९८ मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. मधुमेहाचे नव्याने निदान झालेल्या ९७ जणांपैकी ६७ जणांची साखर बारा आठवड्यांत आटोक्यात आली, म्हणजे ६९ टक्के. आकडा झकास आहे, पण चाचणीत तुलनेचा गटच नव्हता. नुकतेच निदान झालेला माणूस पहिले काही महिने धास्तावलेला असतो. भात कमी करतो, चालायला लागतो, लग्नाच्या पंगतीत जिलबीला हात लावत नाही. त्या ६७ जणांत विजयसारचे श्रेय किती आणि धास्तीचे किती, हे ठरवायचे तर विजयसार न घेणारे पण तितकेच धास्तावलेले आणखी शंभर जण शेजारी हवे होते. पहिली पायरी चढून झाली होती. दुसरीसाठी आजही आपण त्याच पायरीवर उभे आहोत, आणि मधल्या काळात बाजार मात्र गच्चीवर पोचला.

ही टिंगल नाही. माझी हयात औषधांच्या कारखान्यात, क्वालिटी कंट्रोलच्या प्रयोगशाळेत गेली, आणि निवृत्त होण्यापूर्वीची काही वर्षे वनस्पतींची एक्स्ट्रॅक्ट तपासण्यात गेली. झाडपाल्यात दम नसतो असे म्हणणाऱ्याला रसायनशास्त्र कळत नाही असे मी बेधडक म्हणेन. माझे म्हणणे एवढेच आहे की ‘साखर उतरवते’, ‘कोलेस्टेरॉल घटवते’ असे सांगून जी वस्तू खोक्यात भरून विकली जाते, तिने ते माणसांवर, तुलनेचा गट ठेवून, आधी दाखवले पाहिजे. ग्रंथात त्या वनस्पतीचे नाव आहे, ही सबब पुरेशी धरू नये. ग्रंथातला काढा आणि खोक्यातले एक्स्ट्रॅक्ट या दोन वेगळ्या वस्तू आहेत.

आयुर्वेदात वनस्पती वापरण्याच्या मूळ रीती पाच: स्वरस (पिळलेला रस), कल्क (वाटलेला गोळा), क्वाथ (काढा), हिम (रात्रभर गार पाण्यात भिजवलेले) आणि फांट (गरम पाण्यात मुरवलेले). माझ्या पेल्यातले पाणी हिमाच्या जवळचे. ‘अर्क’ हा शब्द आपण सैलपणे वापरतो. खरा अर्क म्हणजे ओव्याच्या अर्कासारखा, वाफेतून उतरवलेला. कॅप्सूलमध्ये असते ते तिसरेच काहीतरी. पाला किंवा साल पाणी आणि अल्कोहोलच्या मिश्रणात मुरवतात, गाळतात, आटवतात, गरम हवेच्या झोतात फवारून भुकटी करतात. ती ओल धरून गोळा होऊ नये म्हणून तिच्यात बहुधा माल्टोडेक्स्ट्रिन घालतात. आता माल्टोडेक्स्ट्रिन हा पिष्टापासून केलेला पदार्थ, रक्तातली साखर झरझर वाढवणारा. कॅप्सूलमधल्या चिमटीने काही बिघडत नाही, पण मधुमेहाच्या कॅप्सूलच्या कागदावर ते नाव वाचले की मला दरवेळी हसू यायचे. गुळवेलसत्त्वाचेही तेच. खोड कुटून, पाण्यात कोळून जो पांढरा साका खाली बसतो ते सत्त्व, आणि ते बहुतांशी स्टार्च असते.

कागदावर ‘१०:१ एक्स्ट्रॅक्ट’ असे लिहिलेले असते. दहा किलो पाल्यातून एक किलो भुकटी निघाली, एवढाच त्याचा अर्थ. कामाचे द्रव्य त्या किलोत किती उतरले आणि चोथ्याबरोबर किती उकिरड्यावर गेले, ते या गुणोत्तरातून कळत नाही. कारल्याच्या एक्स्ट्रॅक्टवर ‘बिटर्स इतके टक्के, ग्रॅव्हिमेट्रीने’ असा शेरा सर्रास असतो. ग्रॅव्हिमेट्री म्हणजे कडू भाग द्रावकात ओढून घ्यायचा, वाळवायचा आणि तराजूत टाकायचा. कोणते कडू, हे तराजूला कळत नाही. गुडमारच्या, म्हणजे मधुनाशिनीच्या वेलाच्या, एक्स्ट्रॅक्टमध्ये जिम्नेमिक ॲसिड हे कामाचे द्रव्य ७५ टक्के असल्याचे याच रीतीने लिहून येते. तोच नमुना एचपीएलसी यंत्रावर घटक वेगळे करून मोजला की आकडा धाडकन खाली येतो. पुरवठादार फसवतो असेही नाही. त्याला जे मोजायला सांगितले तेच तो मोजतो. प्रश्न सांगणाऱ्याचा आहे.

आणि मात्रा? मेथीचेच घ्या. मेथीदाण्यातला चिकट तंतुमय भाग, गॅलॅक्टोमॅनन, आतड्यात साखरेचे शोषण संथ करतो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने यावर चांगले काम केले आहे. पण त्या अभ्यासांत मेथी दिली होती दिवसाला २५ ग्रॅम, आणि काही अभ्यासांत तेल काढलेली १०० ग्रॅम. खोक्यात मिळते ५०० मिलिग्रॅमची कॅप्सूल. २५ ग्रॅम गाठायला पन्नास कॅप्सूल लागतील. अभ्यास मेथीच्या वाटीवर झाला आणि विक्री चिमटीची चालली आहे.

कोलेस्टेरॉलच्या बाबतीत गुग्गुळाची कथा तर शाळेत शिकवावी अशी आहे. सुश्रुतसंहितेत मेदोरोगाचे वर्णन आहे आणि गुग्गुळ मेदावर सांगितला आहे. बनारस हिंदू विद्यापीठात जी. व्ही. सत्यवती यांनी त्या वर्णनाची आजच्या भाषेतल्या हृदयरोगाशी सांगड घातली, प्राण्यांवर प्रयोग केले आणि १९६६ मध्ये प्रबंध सादर केला. ग्रंथापासून प्रयोगशाळेपर्यंतचा इतका सरळ रस्ता आपल्याकडे क्वचित कोणी काढला असेल. पुढे लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेने गुग्गुळापासून गुगुलिपिड हे औषध विकसित केले, ऐंशीच्या दशकात ते बाजारात आले. १९९४ च्या एका भारतीय चाचणीत ६१ रुग्णांपैकी गुगुलिपिड घेणाऱ्यांचे एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, साडेबारा टक्क्यांनी उतरलेले दिसले. २००२ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात गुग्गुळातले गुगुलस्टेरोन हे द्रव्य पेशीतल्या नेमक्या कोणत्या रिसेप्टरवर काम करते तेही छापून आले. आता राहिले काय?

राहिली होती ती परदेशातली, मोठ्या काटेकोरपणे आखलेली चाचणी. २००३ मध्ये ‘जामा’ या अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकाने ती प्रसिद्ध केली. १०३ माणसे, आठ आठवडे. गुगुलिपिड न घेणाऱ्या गटाचे एलडीएल पाच टक्क्यांनी उतरले. घेणाऱ्यांचे चार-पाच टक्क्यांनी चढले. काहींना अंगावर पुरळ आले ते वेगळेच.

अमेरिकी माणसांचा आहार वेगळा, आठ आठवडे थोडे, असे आक्षेप तेव्हा आपल्याकडे घेतले गेले. मला त्यातले काही रास्त वाटतात. पण मग उत्तर सोपे होते: पुण्यात, मुंबईत, लखनौला, वरणभात आणि पोळी खाणाऱ्या पाचशे माणसांवर, सहा महिन्यांची तशीच चाचणी करायची. वाद घालायला माणसे मिळाली, चाचणीला मिळाली नाहीत. आणि ज्या झाडापायी हे सगळे, तो राजस्थान-गुजरातच्या कोरड्या रानातला गुग्गुळ चिरा देऊन देऊन इतका ओरबाडला गेला की आज तो आययूसीएन या निसर्गसंवर्धन संस्थेच्या यादीत अतिसंकटग्रस्त म्हणून नोंदला आहे.

कोणी म्हणेल, हे सगळे वनस्पतींच्या विरोधात आहे. उलट आहे. जे मेटफॉर्मिन मी रोज गिळतो त्याचे मूळ युरोपातल्या गॅलेगा या झुडपात आहे. त्यातले गॅलेगिन साखर उतरवायचे, पण विषारीही होते. त्याच्या नात्यातला सौम्य रेणू म्हणून मेटफॉर्मिन १९२२ मध्ये प्रयोगशाळेत तयार झाले, पस्तीस वर्षे अडगळीत पडले आणि १९५७ मध्ये फ्रान्सच्या झाँ स्टर्न यांनी ते रुग्णांवर वापरून दाखवले. मधुमेहावरच्या आजच्या ग्लिफ्लोझिन गोळ्यांची पणजी म्हणजे सफरचंदाच्या झाडाच्या सालीतले फ्लोरिझिन, १८३५ मध्ये वेगळे काढलेले. कोलेस्टेरॉल उतरवणारे स्टॅटिन आले बुरशीतून, जपानच्या अकिरा एन्डो यांनी हजारो बुरश्या चाळून शोधलेले. आणि १९९४ मध्ये स्टॅटिनने ४,४४४ हृदयरुग्णांवर दाखवले ते नुसता आकडा उतरल्याचे नव्हते, मेलेली माणसे कमी झाल्याचे होते. खोक्यावरच्या एक्स्ट्रॅक्टला हा प्रश्न कोणी विचारतच नाही. आकडा उतरला की सगळे खूश.

कारल्याबद्दल बोललो नाही तर मंडईतले लोक रागावतील. २०१२ पर्यंतच्या चाचण्यांचा कोक्रेन या वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या संस्थेने आढावा घेतला तेव्हा पदरात पडल्या चार चाचण्या आणि ४७९ माणसे, आणि निष्कर्ष काढण्याइतका पुरावा नाही असे त्यांना लिहावे लागले. थायलंडमधल्या एका चाचणीत दिवसाला दोन ग्रॅम कारल्याने साखर थोडी उतरली, पण एक ग्रॅम मेटफॉर्मिनइतकी नाही. म्हणजे कारले अगदीच निकामी नाही आणि गोळीच्या जागी बसवण्याइतके दमदारही नाही. कारले साखरेत घोळले तरी कडूच, ही म्हण आपण उलटी करून घेतली आहे. जे कडू ते साखर मारणार, असे आपल्याला आतून वाटते. पाडव्याला कडुनिंब खाणाऱ्या समाजाला तसे वाटणारच.

माझा एक वैद्य मित्र आहे, रास्ता पेठेतल्या टिळक आयुर्वेद महाविद्यालयात शिकलेला, रुग्णाला अर्धा तास देणारा. तो म्हणतो, ‘अरे, तुमची चाचणी सगळ्यांना एकच औषध देते. आम्ही प्रकृती बघतो, अग्नी बघतो. वीस प्रकारचे प्रमेह सांगितलेत, मधुमेह त्यातलाच; त्यात कफज साध्य, पित्तज याप्य म्हणजे नुसता आटोक्यात राहणारा, वातज असाध्य. सगळ्यांना एका मापात कसं तोलशील?’ मला हे म्हणणे पूर्ण मान्य आहे. पण मग ते सर्वांत आधी खोक्याला लागू होते. साठ कॅप्सूलची बाटली कोणाची प्रकृती बघते? मधुमेह वातज, म्हणून असाध्य, असे ज्या शास्त्राने प्रामाणिकपणे लिहून ठेवले, त्याच शास्त्राच्या नावावर ‘मुळापासून बरा’ हे शब्द छापले जातात. वैद्याने नाडी बघून आपल्या रुग्णाला दिलेल्या पुडीला कायद्याने हात लावू नये या मताचा मी आहे. दुकानात, अनोळखी माणसाला, बिनचौकशीचे विकले जाणारे औषध ही निराळी गोष्ट.

कायदा हा फरक करत नाही. १९४० च्या औषध कायद्याला जोडलेल्या परिशिष्टात चरक, सुश्रुत, शार्ङ्गधर, भावप्रकाश, योगरत्नाकर अशी ग्रंथांची यादी आहे. कंपनीने स्वतः जुळवलेल्या औषधाचे घटक त्या ग्रंथांत सापडले की मोठा टप्पा पार पडतो. पुढे परिणामासाठी मागितले जाते ते घटकांविषयी छापून आलेले साहित्य आणि फार तर एक छोटा ‘पायलट’ अभ्यास. तो किती जणांवर झाला, तुलनेचा गट होता का, हे बाटली हातात घेतलेल्या माणसाला कळायची सोय नाही. तेवढेही नको असेल तर दुसरे दार आहे. तीच गुडमार ‘न्यूट्रास्युटिकल’ म्हणून अन्नाच्या परवान्यावर विकायची, पाठीमागे ‘औषधी वापरासाठी नाही’ असे छापायचे आणि पुढे ग्लुकोमीटरचे चित्र. जाहिरातींसाठी १९५४ चा कायदा आहे, त्यात मधुमेह बरा करण्याच्या जाहिरातीला बंदी आहे. २०१८ मध्ये आयुष औषधांच्या जाहिरातींना पूर्वमंजुरीची अट घालणारा १७० वा नियम आला, २०२४ मध्ये केंद्राने तो वगळायची अधिसूचना काढली, आणि त्यावरून वाद न्यायालयात गेला. मला त्यात रस कमी. जाहिरात ही शेपूट आहे. दावा परवान्याच्या टेबलावरच अडवायला हवा.

‘पण त्याने नुकसान तर काही होत नाही ना?’ हे वाक्य मी लग्नकार्यात, बँकेच्या रांगेत, सारसबागेच्या बाकावर ऐकले आहे. जे साखर खरोखर उतरवते ते गोळीबरोबर घेतले तर साखर जास्त उतरवेल, हे साधे अंकगणित आहे. आमच्या सोसायटीतले एक काका ग्लिमेपिराइड ही साखर उतरवणारी गोळी घेत. पुतण्याने आणलेल्या ‘हर्बल’ कॅप्सूल सुरू केल्या, वर कारल्याचा रस, आणि एका संध्याकाळी भूक नाही म्हणून जेवले नाहीत. पहाटे घामाने निथळत काहीतरी असंबद्ध बोलत होते. मुलीने मोजली तर साखर ४८. दवाखान्यात ग्लुकोज लावल्यावर ते ताळ्यावर आले. दोष कोणाचा, कॅप्सूलचा, रसाचा की उपासाचा, हे कधीच कळले नाही, कारण ती बाटली कोणी तपासायला पाठवलीच नाही.

बाटलीत काय निघू शकते? २००० साली कॅलिफोर्नियात मधुमेहावरची पाच चिनी ‘वनौषधी’ उत्पादने बाजारातून परत घ्यायला लावली गेली. तपासणीत त्यांत ग्लायब्युराइड आणि फेनफॉर्मिन ही साखर उतरवणारी रासायनिक औषधे सापडली होती. फेनफॉर्मिन रक्तात आम्ल साचवून माणसे मारते म्हणून तिथे सत्तरच्या दशकातच बंद झालेले. म्हणून कोणी ‘आठ दिवसांत फरक’ म्हणाला की माझ्यातला जुना क्वालिटी कंट्रोलवाला जागा होतो. झाडपाला इतक्या घाईत नसतो. पी हळद आणि हो गोरी, हे सहसा हळदीचे काम नसते.

चाचणी होत नाही असे मात्र कोणी पुण्यात येऊन सांगू नये. इथल्याच संधिवाततज्ज्ञ डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गुडघ्याच्या संधिवातासाठी आयुर्वेदिक औषधे ४४० रुग्णांवर, ग्लुकोसामीन आणि सेलेकॉक्सिब या सांधेदुखीवरच्या नेहमीच्या गोळ्यांच्या तुलनेत तपासली. २०१३ मध्ये निष्कर्ष छापले. वेदनेच्या बाबतीत आयुर्वेदिक औषधे तोडीस तोड ठरली. आणि ती घेणाऱ्या काही जणांचा एसजीपीटी, म्हणजे यकृताच्या इजेची खूण देणारा रक्तातला आकडा, वाढला, तेही त्यांनी छापले. त्या औषधांत गुळवेल होती. कोविडच्या काळात मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या सहा जणांच्या यकृताला इजा झाल्याचे २०२१ मध्ये नोंदवले तेव्हा आयुष मंत्रालयाने ते खोडून काढले. खोडून काढण्यापेक्षा चोप्रांचे आकडे पुढे नेणे अधिक उपयोगाचे झाले असते. मधुमेहाला लागणारी चिकाटीही या गावात आहे. केईएम रुग्णालयाच्या मधुमेह विभागाने, डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या पुढाकाराने, १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या मातांचा आणि त्यांच्या मुलांचा माग ठेवला आहे. तीन दशके माणसे धरून ठेवता येतात, तर गुडमारसाठी सहा महिने जड नाहीत.

पैसे कोण देणार, हा खरा अडसर. विजयसारवर पेटंट मिळत नाही, म्हणून कंपनी मोठ्या चाचणीत पैसा घालत नाही. न घालताही विकता येते, मग का घालेल? म्हणून पैसा सरकारनेच घालायला हवा, आणि निकाल नकारात्मक आला तरी छापायची अट हवी. इसबगोलाचे बघा. कोलेस्टेरॉल थोडे का होईना उतरवतो हे इतके नीट सिद्ध झाले की १९९८ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने तसे पाकिटावर लिहायला परवानगी दिली, दिवसाला सात ग्रॅम विद्राव्य तंतू या हिशेबाने. उंझा-सिद्धपूरकडे पिकणारी, किराणा दुकानात मिळणारी भुशी. तिची जाहिरात फक्त पोट साफ होण्यासाठी चालते.

लोक खोक्याकडे का वळतात हे मला ठाऊक आहे. मेटफॉर्मिनची पट्टी जनऔषधी दुकानात अमृततुल्यच्या एका चहाच्या आसपास मिळते आणि तरी लोक कॅप्सूलला महिन्याचे हजार रुपये मोजतात, म्हणजे प्रश्न पैशांचा नाही. ‘एकदा गोळी लागली की सुटत नाही’ ही भीती, मेटफॉर्मिनने किडनी जाते ही अफवा, आणि तीन मिनिटांत उरकणारे डॉक्टर. सुश्रुताने गरीब प्रमेह्याला सांगितले आहे की पायात जोडा नाही, डोक्यावर छत्री नाही, भिक्षा मागून खात, एका गावात एकच रात्र राहून शंभर योजने चाल. हे कोणाला खोक्यात भरता आले नाही.

गेल्या महिन्यात नव्या डॉक्टरांकडे गेलो. केसपेपर भरणाऱ्या मुलीने विचारले, ‘काका, आणखी काही औषधं चालू आहेत?’ मी पेल्याचे सांगितले. तिचे पेन थांबले. ‘हे कुठं लिहू?’ काढा, चूर्ण, रस, काय घेता, असा रकानाच नव्हता. तिने कागद खालीवर पाहिला आणि ‘ॲलर्जी’समोरच्या रिकाम्या जागेत लिहिले: लाकडाचे पाणी.